एकट्या सागाचा पाला

सागाचं झाड मला आवडत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत राहून हे बोलायची सोय नाही. इथे घराची चौकट सागाची, मुलीच्या लग्नातला दिवाण सागाचा, आणि नवीन घर पाहायला गेलं की घरमालक आधी दार ठोकून दाखवतो, "अस्सल आहे, आपल्याच जंगलातला." मी मान डोलावते, चहा पिते आणि घरी येऊन चिडते. माझ्या घराची दारंही सागाचीच आहेत. नवऱ्याने हौसेने करून घेतली. त्यामुळे चिडायला मला लांब जावं लागत नाही.

फाल्गुन लागला की हा राग वर येतो. मी राहते त्या मूल गावाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला सागाची लागवड आहे, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी सरळ रांगेत. माघातच पानं वाळतात आणि मग एकेक खाली यायला लागतं. ते येतं तेही निमूट नाही. खडखड करत, फांद्यांना आपटत, सगळ्यांना कळवत येतं. त्याच सुमारास पळस फुललेला असतो, मोहाखाली बाया पाला जाळून जागा साफ करत असतात, म्हणजे फूल पडलं की दिसावं. सगळ्या हवेला धुराचा वास. लोक म्हणतात, काय सुंदर दिवस. मला खोकला येतो.

आमच्या गल्लीतही तेच. सकाळ झाली की जो तो आपल्या दारापुढचा पाला झाडतो, ढीग लावतो आणि काडी लावतो. मी खिडकीतून ओरडते. समोरचे गृहस्थ हात जोडून म्हणतात, "बाई, पाला म्हणजे कचराच ना शेवटी." त्यांच्या मुलीला मी सातवीत विज्ञान शिकवलं. पान कसं कुजतं, बुरशी काय करते, किडे काय करतात, तिने सुबक आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आता तीच बाळंतपणाला आलेली मुलगी ओट्यावर उभी राहून बापाला माचिस आणून देते. आयुष्यभर शिकवलं त्याचं हे असं झालं.

पाला हा कचरा नाही, हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. माझ्या गावच्या नाल्याने शिकवलं.

माझं माहेर मूलहून फार लांब नाही. धानाचा मुलूख, एका अंगाला जंगल, आणि जंगलातून निघून गावाला वळसा घालून जाणारा नाला. नाल्याच्या वरच्या अंगाला वरची टोली, म्हणजे सवर्णांची वस्ती, खालच्या अंगाला आमची, बौद्धांची. आजोबांच्या काळात पाणीही याच क्रमाने वापरायचं, वरच्यांचं झाल्यावर उरेल ते आमचं. आता नळ आले, तसं कोणी तोंडाने बोलत नाही. पण नाला काही कोणाची टोली पाहून वाहत नाही. वरच्या काठावरच्या सगळ्या झाडांचा पाला तो गोळा करायचा आणि आमच्या बांधीजवळ, म्हणजे धानाच्या वाफ्याजवळ, जिथे तो वळतो, तिथे आणून टाकायचा. आमच्या शेताला विहीर नव्हती, बैलजोडी वर्षाआड विकली जायची, पण पाला मात्र सगळ्या गावाचा आमच्याकडे यायचा.

काय काय असायचं त्यात. उंबराची मऊ पानं, करंजाची, जांभळाची, कहूची म्हणजे अर्जुनाची लांबट, ऐनाची जाड, धावड्याची बारीक, मोहाची, तेंदूची. सागाचीही असायची. मिसळीत साग होता तेव्हा माझं सागाशी काही भांडण नव्हतं, हे इथे सांगून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

वळणावर पाणी गुडघाभरही नसायचं. उन्हाळा चढत जायचा तसं ते आटायचं आणि पाला खाली बसायचा. शाळेतून आल्यावर मी आणि भाऊ त्यात पाय सोडून बसायचो. पहिल्यांदा जायचा उंबर. बघता बघता त्याची लापशी व्हायची. मग करंज. पानावर पांढरट बुळबुळीत थर चढायचा, तीच बुरशी. तो चढला की झिंगे यायचे, खेकडे यायचे, आणि एक अळी यायची जी पानाचे तुकडे कातरून आपल्या अंगाभोवती घर शिवायची आणि ते घर घेऊनच फिरायची. भाऊ तिला घरातून ओढून काढायचा. मी त्याला मारायची. मऊ पानांवर ही सगळी जमात पोसली जायची आणि मऊ संपलं की कडक पानांना लागायची. ऐन, जांभूळ, शेवटी साग. सागाच्या पानातलं सगळं खाऊन झाल्यावर नुसत्या शिरांची जाळी उरायची आणि तीही बोटाने दाबली की मोडायची. एकट्या सागाला कोणी तोंड लावत नाही. आधी घरात उंबर-करंज असावे लागतात, तेव्हा किडे येतात, राहतात आणि मग सागाचाही नंबर लागतो.

बुद्धपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाला उचलायचा. हा आमच्या घरचा रिवाज. गावातल्या दुसऱ्या कोणाचा नाही. पौर्णिमेला बल्लारपूरचे काका, नागपूरची आत्या, सगळे घरी असायचे. विहारात वंदना व्हायची, खीर व्हायची, आणि इतके हात फुकटात सापडले आहेत म्हणून माय दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नाल्यात उतरवायची. कुजलेला काळा पाला डोक्यावरून वाहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, बांधीत पसरायचा. पाऊस पडला की नांगरून त्यात धान पेरायचं. आमचे पऱ्हे सगळ्या गावात हिरवेगार निघायचे. वरच्या टोलीतले लोक विचारायचे, काय टाकता रे. माय सांगायची नाही.

माय काही फार गोड बाई नव्हती. आत्याची पांढरी साडी काळी झाली तरी तिला दया यायची नाही. ती स्वतः आधी पाल्यावर उभी राहायची आणि टाच फिरवून पाहायची. टाचेखाली लगदा झाला तर उचला. पान पानासारखं लागलं तर म्हणायची, "अजून शिजलं नाई. राहू द्या तठीच." मग पौर्णिमेला आलेले पाहुणे तसेच परत जायचे आणि ती नंतर एकटी उचलायची. म्हणजे दिवस पाहुण्यांसाठी होता. पाल्यासाठी टाच होती. हे घरात फक्त तिला माहीत होतं, आणि तिने ते कोणाला समजावून सांगितलं नाही, कारण समजावून सांगणं हा तिचा स्वभाव नव्हता.

आता प्रभाकर. हा वरच्या टोलीतला, माझ्याच वर्गातला. शाळेत पुढच्या बाकावर बसायचा आणि मास्तर यायच्या आधी फळा पुसून ठेवायचा. असली माणसं पुढे जातातच. शेती सुधारली, ट्रॅक्टर घेतला, आणि एका वर्षी त्याच्या मनात आलं की नाल्याच्या काठावर ही फालतू झाडं कशाला. उंबर म्हणजे माकडांचा त्रास, करंजाला विचारतो कोण, कहू काठावर नुसती जागा अडवतो. सगळं काढलं. साग लावला. कागदोपत्री सगळं रीतसर. गावाने कौतुक केलं. त्याचं पाहून त्याच्या शेजाऱ्याने लावला, मग त्याच्याही शेजाऱ्याने. काही वर्षांत वरचा काठ एका गणवेशात उभा राहिला. मी तेव्हा म्हटलं होतं, हे बरं नाही. प्रभाकर हसून म्हणाला, "मॅडम, तुमची बॉटनी शाळेत ठेवा."

मला ज्या पानगळीची आठवण दर फाल्गुनात येते, ती त्यानंतरची. साग चांगला दोन पुरुष उंच झाला होता, पानं ताटाएवढी. आणि त्याच हिवाळ्यात माय गेली होती.

मी शिवरात्रीच्या सुमारास माहेरी गेले तेव्हा नाला पाहायला गेले. वळणावर सागाची पानं एकावर एक, पालथी, चिकटून बसलेली, लग्नघरात पत्रावळीचे गठ्ठे रचून ठेवतात तशी. मध्ये हवा जाईना, पाणी जाईना. मी काठीने वरचा थर उचलला तर खालचं पाणी काळं, तेलकट तवंग आलेलं, आणि नाक धरावं असा वास. एक झिंगा नाही. ती घर शिवणारी अळी नाही. आमच्या काठावरचे उंबर, करंज, कहू आपलं काम करत होते, पानं टाकत होते, पण ती टाकतात किती आणि वरून येतं किती. मी भाऊला म्हटलं, "यंदा पाला नीट दिसत नाही." भाऊ म्हणाला, "पावसाले अजून गंज टाइम हाय."

पौर्णिमेला मी नव्हते. नवरा नागपूरला दवाखान्यात होता. भाऊने रिवाज पाळला. पाहुणे आले, खीर झाली, दुसऱ्या दिवशी सगळे नाल्यात उतरले आणि होता तो पाला, न शिजलेला, उचलून बांधीत पसरला. टाच फिरवून पाहणारं कोणी नव्हतं. मायच्या माघारी पहिलं वर्ष, तिचं काही चुकायला नको, म्हणून त्या भल्या माणसाने दिवस चुकू दिला नाही. वहिनी सांगत होती, उचलताना तो रडत होता.

आषाढात मी गेले तेव्हा पऱ्हे हळदीसारखे पिवळे होते. बोटभर वाढून थांबलेले. न कुजलेला पाला मातीत गेला की मातीतली सगळी ताकद तो कुजवण्यातच खर्च होते, रोपाच्या तोंडाला काही लागत नाही. हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले होते. भाऊ बांधीच्या धुऱ्यावर उकिडवा बसून एक पान मातीतून ओढत होता. साबूत निघालं. शिरा न् शिरा जागेवर. त्याने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "माय असती त..."

रोवण्याला, म्हणजे लावणीला, पऱ्हे नाहीत म्हणजे वर्षाचं धान नाही. आणि पऱ्हे दिले कोणी? प्रभाकरने. स्वतःच्या ट्रॅक्टरवर जुड्या टाकून आणून दिल्या, वर म्हणाला, "आपलेच हाये दिनकरभाऊ, परत देऊ नका." झालं. तेव्हापासून माझा भाऊ त्या माणसाचं नाव काढलं की खाली पाहतो. ज्याच्या पाल्याने पऱ्हे पिवळे केले, त्याच्याच पऱ्ह्यांनी रोवणा झाला, आणि गावात नाव झालं ते त्याच्या मोठ्या मनाचं. मला हे गिळता आलं नाही. आजही येत नाही. प्रभाकर वाईट माणूस असता तर मला किती सोपं गेलं असतं. तो वाईट नाही. त्याला आपण काही केलंय हेच माहीत नाही, आणि सांगितलं तर तो हसून पाणी विचारतो. असल्या माणसाचं काय करायचं, हे मला या वयातही उमगलेलं नाही.

त्यानंतर भाऊने पाला उचलणं सोडलं. युरियाची चुंगडी आणतो, फेकतो. पौर्णिमेला खीर तेवढी होते.

या फाल्गुनात वहिनीचा फोन आला. आवाज दबका. "बाई, तुमचे भाऊ नाल्यावरची झाडं काहाडून राह्यले. उद्या कटरवाला येनार हाय. तिथी साग लावतो म्हन्तेत." आमच्या काठावरची झाडं. वळणावर जी काही मऊ पानं पडत होती ती यांचीच. मी सकाळची एसटी धरली. रस्ताभर दोन्ही बाजूंनी साग आणि त्याची पानं रस्त्यावर गाडीच्या चाकाखाली चुरडत होती. बाजूची बाई म्हणाली, "तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, "तब्येत ठीक आहे, डोकं फिरलंय."

नाल्यावर कटरवाला उंबराखाली बसून मशीनला तेल पाजत होता. भाऊ उभा होता. आणि प्रभाकर मोटरसायकलला टेकून. तो असणारच.

"तू कायले आलीस?" भाऊ म्हणाला.

"झाडं पाहायला. उद्यापासून दिसणार नाहीत म्हणून."

प्रभाकरने समजुतीचा सूर लावला. "मॅडम, पाहा, हा झाडोरा असला म्हणजे वाघ बसते. पलीकडच्या गावात सरपनाले गेलेली बाई आली का वापस? मोकळं असलं त दुरून दिसते. तुमच्या भाऊच्याच जिवासाठी सांगून राह्यलो."

आमच्याकडे वाघाचं नाव घेतलं की वाद संपतो. खोटं नाही ते. आता नाल्यात कोणी एकटं उतरत नाही, बाया जोडीने जातात, मोठ्याने बोलत. पण प्रभाकरच्या तोंडून खरी गोष्टही मला चावते. मी म्हटलं, "सागात बसत नाही, असं वाघाने तुला सांगितलं का?"

कटरवाला हसला. प्रभाकरही हसला. भाऊ हसला नाही.

"सुमन," तो म्हणाला, "तू मूलले राह्यतेस. दर साली येतेस, नाल्याले पाह्यतेस, माह्यावर चिडतेस, न् संध्याकाळच्या गाडीनं जातेस. उंटावरून शेळ्या हाकतेस तू. या झाडाची साउली माह्या बांधीवर पडते, तेवढ्यात धान होत नाई. माकडं माह्याच घरावर येतेत. पाला पाला करतेस. पऱ्हे पिवळे झाले त्या सालापासून कोनं उचलला तो पाला? मी एकटा उचलू? माहे गुडघे पाह्यलेस तू?"

त्याचे गुडघे मी खरंच पाहिले नव्हते.

"उचलतेस तू?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "उचलतेस त ठेवतो झाडं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ये. टोपलं तुह्या डोक्यावर. आन्‌ पाला शिजला का नाई तेबी तूच पाहाचं, मले नाई समजत. नाई आलीस त तिसऱ्या दिवशी यांले बोलावतो, मंग माह्या दारात येऊन नाल्याचं नाव काढाचं नाई."

"उचलते," मी म्हटलं. रागाने म्हटलं. विचार करून म्हटलं असतं तर माझ्या पाठीच्या मणक्यांनी मला तिथेच अडवलं असतं.

प्रभाकर म्हणाला, "मॅडम, या वयात?" मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला. कटरवाल्याला वहिनीने चहा दिला. त्याची खेप फुकट गेली म्हणून तो माझ्यावर चिडला होता. आमच्या घोळक्यात मला पटलेला तो एकच माणूस.

सोपं मुळीच नाही. आमच्या काठावरची झाडं थोडी, वरून येणारा साग उदंड. नुसतं वाट पाहत बसलं तर पौर्णिमेला पुन्हा तीच पत्रावळी मिळेल आणि भाऊ पुन्हा खाली पाहील, या वेळी माझ्यामुळे. म्हणून आता मी दर रविवारी जाते. वहिनीला बरोबर घेते. ती काठावर उभी राहून मोठमोठ्याने बोलत राहते, वाघासाठी, आणि मी लांब बांबूने सागाचे थर फोडते, उंबर-करंजाचा पाला ओढून त्यांच्या मध्ये घालते, पुन्हा ढवळते. घाण वास येतो. कंबर धरते. मी सागाला शिव्या देते, प्रभाकरला देते, त्या गल्लीतल्या हात जोडणाऱ्या गृहस्थांना देते. वहिनी म्हणते, "बाई, हळू, लोक ऐकतेत." ऐकू देत. भाऊ बांधीत काहीतरी काम काढून पाठमोरा उभा असतो. जवळ येत नाही.

गेल्या रविवारी बांबूला चिकटून एक सागाचं पान वर आलं. त्याच्यावर पांढरट बुळबुळीत थर होता. बारीक, नखाएवढा. तो पाहून मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा बुरशीने पऱ्हे हिरवे होत नसतात, आणि वैशाखाचं ऊन यायचंय अजून, पाणी टिकतं की नाही कोणास ठाऊक. मी पान परत पाण्यात सोडलं.

परवा मूलच्या बाजारातून बुरडाकडचं टोपलं आणलं. भाऊला फोन केला. म्हटलं, टोपलं आणलंय, पौर्णिमेला मी येतेय, त्या कटरवाल्याचा नंबर पुसून टाक.

"एकच कायले आनलं?" तो म्हणाला. "दोन आन. माह्यं टोपलं माय गेली त्या सालीच मोडलं."